रंग शिकायचेत? ट्यूब कमी घ्या, उजेड नीट घ्या

शाळेत आपण सगळ्यांनीच एक रंगचक्र रंगवलेलं असतं. लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक. त्यांच्यातून निघणारे नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांनी तर उष्ण आणि शीत रंगसंगतीही घोकलेली असते. मग तिशी-चाळिशीत हौसेनं जलरंगांची पेटी आणायची, लाल आणि निळा एकत्र करायचा आणि जांभळ्याऐवजी भलताच मळकट तपकिरी हाती आला की पेटी माळ्यावर टाकायची, हे बऱ्याच घरांत घडतं.

हात वाईट असतो म्हणून असं होत नाही. रंगचक्र आपल्याला रंगांची नावं शिकवतं. पण ट्यूबमध्ये नाव नसतं, रंगद्रव्य असतं. आणि डोळा रंग एकटा कधीच बघत नाही, शेजारच्याशी ताडून बघतो. या दोन गोष्टी एकदा हातात मुरल्या की बाकीचं सरावानं येतं. पुढचा क्रम सुट्टीच्या काही दुपारी धरून पुरा होईल. घाई करू नका, पण पायऱ्या गाळूही नका.

काय काय लागेल

- विद्यार्थी दर्जाच्या जलरंगांच्या सात ट्यूब: लेमन यलो, गँबोज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). चोवीस रंगांचा सेट घेऊ नका. का ते पुढे येईलच.
- ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅम, कागदाच्या जाडीचं माप) जलरंगाचा कागद. तक्त्यांच्या सरावाला जाड कार्ट्रिज चालतो.
- एक मध्यम गोल ब्रश, एक चपटा.
- पांढरं पॅलेट. चिनी मातीची बशी उत्तम. लाकडी किंवा रंगीत पॅलेटवर जलरंगाचा अंदाज येत नाही, कारण तुम्ही शेवटी पांढऱ्या कागदावर काम करणार आहात.
- पाण्याची दोन भांडी: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. एकाच भांड्यावर भागवलं की अर्ध्या तासात सगळे पिवळे हिरवट होतात.
- करड्या कार्डशीटचा पोस्टकार्डाएवढा तुकडा आणि कागदाला भोक पाडायचा पंच.
- थोडी रंगीत कार्डशीट, पेन्सिल, जुनं सुती फडकं.

१. बसायची जागा आणि उजेड आधी ठरवा

चित्रकाराला उत्तरेची खिडकी हवी, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो युरोपातून आला आहे. तिकडे भर दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. मुंबईचा अक्षांश मात्र साधारण १९ अंश. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट टेबलावर येतं. त्यामुळे दिशेचा फार बाऊ करू नका. थेट ऊन येत नाही एवढं बघा, येत असेल तर पांढरा पातळ पडदा लावा. रंगीत पडदा नको. समोरची भिंत भडक असेल तर तिचाही रंग कागदावर उतरतो.

रात्री काम करणार असाल तर बल्बचं खोकं वाचा. त्यावर केल्विनमध्ये उजेडाची छटा दिलेली असते. २७०० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड. त्यात निळे मंद दिसतात आणि पांढऱ्या कागदावरचा फिका लेमन यलो तर दिसेनासाच होतो. ६५०० केल्विन हा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा. पण तेवढ्यानं भागत नाही. सीआरआय नावाचा दुसरा आकडा असतो. उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. कमाल १००, चित्राच्या कामाला ९० किंवा वर घ्या.

या आकड्याचं महत्त्व ब्लाउजपीसचं मॅचिंग केलेल्या कुणालाही पटेल. दुकानातल्या दिव्याखाली साडीशी तंतोतंत जुळलेला तुकडा रस्त्यावर आणला की वेगळाच दिसतो. दोन कापडांची रंगद्रव्यं वेगळी असतात. एका उजेडात दोघांकडून डोळ्याला सारखाच हिशेब मिळतो, दुसऱ्या उजेडात मिळत नाही. म्हणून जाणता दुकानदार स्वतःच म्हणतो, "ताई, दारात नेऊन बघा." चित्राचंही तेच. अर्धं खिडकीशी आणि अर्धं ट्यूबलाइटखाली रंगवू नका.

२. डोळा काय करतो, तेवढं समजून घ्या

डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी; त्या मंद उजेडात काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. शंकुपेशी सुमारे ६० लाख; रंग दिसतो तो त्यांच्यामुळे. शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत: एक लांब तरंगलांबीच्या उजेडाला जास्त दाद देतो, एक मध्यम, एक आखूड. असे तीनच ग्राहक असावेत हा तर्क इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडला आणि पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तो पक्का केला.

यातली खरी गंमत अशी की एकट्या शंकुपेशीला रंग कळतच नाही. तिला फक्त उजेड कमी की जास्त एवढं कळतं. तिघींच्या उत्तरांची तुलना होते तेव्हा रंग "दिसतो". आत्ताच करून बघा. फोनवर पूर्ण पिवळं चित्र उघडा, ओल्या बोटानं काचेवर अगदी बारीक थेंब टेकवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि खाली लाल आणि हिरवे ठिपके दिसतात. पिवळा ठिपका तिथे एकही नसतो. लाल आणि हिरव्या उजेडाच्या बेरजेला डोळा पिवळा म्हणतो.

इथे नवशिक्याचा सगळ्यात मोठा गोंधळ सुटतो: फोनवर लाल-हिरवा मिळून पिवळा, मग बशीत तपकिरी का? कारण फोनचा पडदा उजेड मिसळतो, आणि रंगद्रव्य उजेड गिळतं. लाल रंगद्रव्य बहुतेक हिरवा-निळा उजेड गिळून टाकतं, हिरवं रंगद्रव्य लाल गिळतं. दोघं एकत्र आले की परत येणारा उजेड अगदीच थोडा उरतो. उजेड मिसळाल तर बेरीज, रंग मिसळाल तर वजाबाकी. जितके जास्त रंग मिसळाल तितका जास्त उजेड गिळला जाणार, म्हणून एका मिश्रणात दोन रंग पुरे, फार तर तीन.

तिन्हीसांजेला रंग मिसळायचं थांबवा. उजेड उतरतो तसा कारभार शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातो. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, निळसर-हिरवा मात्र बरा दिसतो. दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारं लाल जास्वंद संध्याकाळी काळं पडतं आणि पानं उजळ वाटू लागतात, ते याचमुळे. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपून ठेवलं. अशा वेळी मिसळलेला लाल सकाळी बघाल तर हमखास जास्त झालेला असतो.

३. प्रत्येक रंगाला तीन प्रश्न विचारा

कोणता? किती उजळ किंवा गडद? किती चढा किंवा मळकट? अमेरिकन चित्रकार-शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५च्या सुमारास रंगांची मोजणी या तीन मापांवर बसवली आणि ती आजही वापरात आहे. आपण बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नापाशीच अडकतो. "झाड हिरवं", संपलं. चित्र उभं राहतं ते मात्र दुसऱ्या उत्तरावर.

सराव: एकच रंग घ्या, अल्ट्रामरीन बरा. कागदावर सात चौकोन आखा. पहिला जवळजवळ पांढरा, सातवा शक्य तितका दाट, मधले पाणी कमी करत सारख्या पायऱ्यांनी. सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेला मधल्या तीन पायऱ्या एकसारख्याच येतात. डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात आणि उजळ-गडद तेवढं उरतं. फोननं काळा-पांढरा फोटो काढून ताडलं तरी चालेल, पण तो अंदाजापुरता, कारण फोन आपल्या मर्जीनं रंगांचं करड्यात रूपांतर करतो.

आता लेमन यलोच्या अशाच सात पायऱ्या करून बघा. जमणार नाहीत. पिवळा कितीही दाट लावा, उजळच राहतो. गडद करायला गेलात तर तो पिवळा राहत नाही, शेवाळी होतो. प्रत्येक रंगाचं ऐन भरातलं रूप वेगवेगळ्या उजळपणावर असतं: पिवळ्याचं वर, जांभळ्याचं खाली. आणि तपकिरी? इंद्रधनुष्यात तो नाहीच. तपकिरी म्हणजे आजूबाजूपेक्षा बराच गडद दिसणारा नारिंगी. गूळ, बैलगाडीचं लाकूड, कोल्हापुरी चप्पल रंगवायची असेल तर तपकिरीची ट्यूब शोधण्याआधी नारिंगी बनवा आणि त्यात थोडा निळा घालून उतरवा.

४. सात ट्यूबांचा तक्ता करा

हे सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात फायद्याचं काम. सामानाची यादी परत बघा: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. प्रत्येक जोडीतला एक एका शेजाऱ्याकडे कललेला, दुसरा दुसऱ्याकडे. लेमन यलो हिरव्याकडे, गँबोज नारिंगीकडे. व्हर्मिलियन नारिंगीकडे, क्रिमसन जांभळ्याकडे. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, प्रशियन हिरव्याकडे. शाळेतल्या चक्रात हा कल नसतो, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

सात उभे रकाने, सात आडव्या ओळी आखा आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी मिसळा. प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग दाट, अर्धा पाण्यानं फिका. तक्ता पुरा झाला की बघा:

- व्हर्मिलियन आणि प्रशियन: मळकट, जवळजवळ काळपट. व्हर्मिलियन निळा उजेड गिळतो, प्रशियन लाल गिळतो. जांभळ्याला लागणारं काहीच शिल्लक राहत नाही.
- क्रिमसन आणि अल्ट्रामरीन: स्वच्छ जांभळा. दोघांचाही कल जांभळ्याकडेच होता.
- लेमन यलो आणि प्रशियन: पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत सगळं. पण प्रशियन फार जोरकस आहे. आधी पिवळा घ्या आणि ब्रशच्या टोकानं निळा थोडा थोडा घाला. उलट केलंत तर अर्धी ट्यूब पिवळा ओतूनही तो निळाच राहील.
- गँबोज आणि अल्ट्रामरीन: शांत, मातकट हिरवा. पहिल्या पावसाआधीच्या कोकणातल्या झाडांना हाच लागतो. पोपटी तिथे खोटा दिसतो.
- गँबोज आणि व्हर्मिलियन: झेंडूचा केशरी.
- बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन: सुंदर करडे. कधी ऊबदार, कधी थंड, दाट केलेत तर जवळजवळ काळे.

शेवटची जोडी मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते. पावसाळी आभाळ, डांबरी रस्ता, कातळ, जुन्या वाड्याच्या सावल्या, सगळं तिच्यातून निघतं.

म्हणजे "मळकट" चौकोन फुकट गेले असं नाही. चित्रात भडक रंग थोडा आणि मुरलेला रंग जास्त लागतो; फक्त तो ठरवून आला पाहिजे. तक्त्यावर तारीख आणि ट्यूबची कंपनी लिहून तो टेबलासमोर लावा. चोवीसचा सेट नको म्हटलं ते यासाठी: सातांच्या ओळखी पक्क्या व्हायला हा एक तक्ता पुरतो, चोवीसांना पावणेतीनशेच्या वर जोड्या होतात.

ट्यूब घेताना नावापेक्षा मागचा रंगद्रव्याचा बारीक कोड बघा. एका कंपनीचा "क्रिमसन" दुसरीच्या "क्रिमसन"पेक्षा वेगळा असू शकतो, पण पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीनच आणि पीबी २७ म्हणजे प्रशियनच. एकाच ट्यूबवर तीन-चार कोड असतील तर तो आधीच मिसळलेला रंग. तुम्ही त्यात आणखी दोन मिसळाल तेव्हा मळ ठरलेला. नावापुढे "ह्यू" असेल तर ते मूळ रंगद्रव्य नसून त्यासारखा दिसणारा पर्याय आहे. वाईट असतोच असं नाही, पण मिसळल्यावर वेगळा वागू शकतो.

मिसळण्याची तिसरीही एक तऱ्हा आहे. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. धागे आपापल्या रंगाचेच राहतात, पण डोळ्याला दोन्ही मिळून तिसरा रंग दिसतो आणि पदर हलला की तो पालटतो. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा: निळसर, गुलाबीसर, पिवळे आणि काळे ठिपके, बस्स. जलरंगात हे करायचं तर पहिला थर पूर्ण वाळू द्या आणि वर दुसऱ्या रंगाचे सुटे फटकारे मारा. बशीत ढवळलेल्या रंगापेक्षा हा जिवंत दिसतो.

५. शेजाऱ्यावर नजर ठेवा

पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत १८२४ पासून रंगविभागाची जबाबदारी मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तक्रार आली की काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो. शेव्रल यांनी धागे तपासले, रंग उत्तम होता. तो फिका दिसत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. त्यांनी या शेजारधर्माचा इतका पिच्छा पुरवला की १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथच काढला. (गृहस्थ जगले १०२ वर्षं, तेव्हा घाई त्यांनाही नव्हती.)

तुम्हीही पडताळून बघा. एकाच करड्या कार्डशीटचे दोन लहान चौकोन कापा. एक पिवळ्या कार्डशीटवर ठेवा, एक जांभळ्या. पिवळ्यावरचा निळसर-जांभळट वाटेल, जांभळ्यावरचा पिवळसर. एखादा गडद तिसरा कागद ठेवलात तर त्यावरचा चौकोन उजळही वाटेल. डोळा प्रत्येक रंगाला शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. म्हणून बशीत बरोबर वाटलेला रंग कागदावर लावल्यावर चुकतो, आणि म्हणूनच पांढऱ्या कोऱ्या कागदावर पहिला फटकारा नेहमी फार गडद भासतो. घाबरून फिका करू नका. आजूबाजूचा कागद भरला की तोच फिका वाटायला लागेल.

डोळ्याची दुसरी खोड याहून चिवट आहे. वस्तूचा रंग त्याला माहीत असतो, त्यामुळे समोरचा उजेड तो हिशेबातून वजा करून टाकतो. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, रात्री घरात शे-दोनशे. काळं कापड त्यातले चारेक टक्केच परत पाठवतं असं धरलं, तरी उन्हातल्या काळ्या छत्रीवरून घरातल्या पांढऱ्या चादरीपेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यात येतो. तरी छत्री काळीच दिसते, चादर पांढरीच. २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली, कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. तिथेही प्रत्येकाचा मेंदू वेगळा उजेड गृहीत धरून वजाबाकी करत होता. ड्रेस निळा-काळा होता.

रोजच्या जगण्यात ही सोय आहे. चित्र काढताना अडचण. सावलीतली पांढरी भिंत आपण पांढरी रंगवतो, ती दिसत असते करडी-निळी. यावर उपाय फार स्वस्त आहे. करड्या कार्डशीटला पंचनं एक भोक पाडा, हात लांब करून त्यातून भिंतीचा तेवढाच ठिपका बघा. भिंत आहे हे डोळा विसरतो आणि नुसता रंग उरतो. मग मिसळलेला रंग कागदाच्या कपट्यावर लावून भोकाशेजारी धरा आणि तीन प्रश्न विचारा. सह्याद्रीच्या रांगा याच भोकातून बघा: जवळची हिरवी, पुढची निळसर, त्यापुढची आभाळात मिसळलेली. मधली हवा निळा उजेड विखरून आपल्याकडे पाठवत असते. "डोंगर हिरवा" हे पाठांतर मोडायला यापेक्षा चांगला धडा नाही.

६. नेहमीचे खड्डे

काळा घालून सावली करू नका. पिवळ्यात काळा घातला की हिरवा होतो, लालात घातला की मेल्यासारखा तपकिरी. सावलीसाठी रंगचक्रात त्या रंगाच्या समोर येणारा रंग थोडा घाला: लालात हिरवा, नारिंगीत निळा, पिवळ्यात जांभळा.

जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना थोडा जास्त वाटेल इतका दाट लावा. पोस्टर कलरचं वेगळं: गडद छटा वाळून उजळतात, फिक्या थोड्या गडद होतात. तिथे कपट्यावर लावून वाळवून बघितल्याशिवाय मोठा भाग भरू नका, आणि लागेल त्यापेक्षा जास्तच रंग कालवून ठेवा. संपलेली छटा परत तशीच मिळत नाही.

फोटोवरून रंगवणार असाल तर फोनच्या पडद्याची रात्रीची पिवळी सेटिंग बंद करा. आणि झेंडू, जास्वंद, गुलबक्षी यांचे फोटो विश्वासाचे नसतात. कॅमेरा त्यांचा भडकपणा सपाट करतो. समोर फूल ठेवा.

एकाच जागी फार वेळ टक लावू नका. अर्धा मिनिट लाल बघून पांढऱ्यावर नजर वळवलीत तर निळसर-हिरवा डाग दिसतो, आणि तो तुमच्या पुढच्या रंगावरही बसतो. अधूनमधून खिडकीबाहेर बघा.

७. तुमचा डोळा आणि शेजाऱ्याचा डोळा एक नाही

युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी-अधिक प्रमाणात कळत नाही. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्याकडेही असे लोक आहेतच आणि अनेकांना मोठेपणीपर्यंत पत्ता नसतो. कुणी सतत तुमचे करडे हिरवट म्हणत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहारा तक्ते (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची चाचणी) वाचून घ्या. फोनवरच्या चाचणीवर विसंबू नका. असं निघालंच तरी चित्रकला सुटत नाही. ट्यूबवरची नावं वाचून, तक्त्याच्या आधारानं आणि उजळ-गडदावर जोर देऊन उत्तम काम होतं. साठीनंतर शिकायला घेतलं असेल तर मोतीबिंदूही तपासून घ्या. पिवळावलेलं भिंग निळा अडवतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ मध्ये शस्त्रक्रिया करून घेतली ती याच दुखण्यासाठी.

८. टिकाऊपणा तपासा, मग पुढची ट्यूब घ्या

सातही रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढा. निम्मा भाग काळ्या कागदानं झाकून, उन्हाच्या खिडकीला तोंड बाहेर करून चिकटवा आणि पावसाळ्याआधीचे दोन-तीन महिने तसाच ठेवा. काढाल तेव्हा स्वस्तातला क्रिमसन बहुधा उघड्या बाजूला फिका पडलेला दिसेल. त्याच्या जागी पीआर १२२ कोडचा मजेंटा किंवा "रोझ" (गुलाबी) घ्या. तो टिकतो, आणि क्रिमसन-व्हर्मिलियन कितीही घोटले तरी न मिळणारा गुलबक्षी त्यातून मिळतो. अल्ट्रामरीनबरोबर त्याचा जांभळाही जास्त चढा येतो. तो आणलात की तक्त्याला एक ओळ आणि एक रकाना वाढवा.